कंपनीनं न दिलेली दांडी

माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या गाडीला बसवलेली एक लोखंडी दांडी मी स्वतःच्या हातानं काढली आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकली. ती कशासाठी होती हे कुणाला विचारलं नाही. विचारायला माणसं होती, फोन होता, वेळही होता. मला वाटलं, मला कळतंय. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते काही फार चांगलं नाही.

दांडी साधीच होती. वीतभर लांब, दोन्ही टोकांना वाकवलेली, पुढच्या काचेच्या डाव्या खांबाला आतून बोल्टनं आवळलेली. तिच्यावर सुती दोरी गुंडाळलेली होती, हात लागून लागून काळी पडलेली. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ड्रॉइंगमध्ये नाही ते चूक, असं म्हणत निम्मं आयुष्य गेलं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ही दांडी तिच्यावर नव्हती, म्हणून मी ती काढली. तिची दोन भोकं वेल्डिंगनं बुजवली, वर पुट्टी घासली, आणि जागा सापडणार नाही इतकं सफाईदार काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

गाडी कुठली ते पन्नाशीच्या वाचकाला लगेच कळेल. स्टेअरिंगलाच गिअर असलेली, चार दारांची, बुटकी, एके काळी गावातल्या प्रत्येक डॉक्टरच्या दारात उभी असायची ती. सासरे वैजापूरच्या मार्केट यार्डात कापूस आणि कांद्याचे अडते. त्यांनी ती हौसेनं घेतली आणि शेवटपर्यंत चालवली. ते गेल्यावर ती कांदाचाळीशेजारी पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मी गाडी मागितली तेव्हा मेहुणा एवढंच म्हणाला, "न्या की दाजी, त्यात काय विचारायचं."

सासूबाईंना मी मामी म्हणतो, सासऱ्यांना मामा म्हणायचो, आमच्याकडं तशीच पद्धत. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून मामींचा एक पाय अधू आहे. मेहुण्याची जीप त्यांना उंच पडते. दवाखान्यात न्यायचं तर मेहुणा आणि गडी दोघं मिळून त्यांना उचलून आत ठेवतात, आणि ते मामींना अजिबात सोसत नाही. "पोत्यासारखं उचलत्यात मला," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या. त्यामुळं दवाखाना सोडून त्यांनी कुठंही जाणं बंद केलं होतं. मामांनी मळ्यात लावलेली मोसंबीची बाग गावापासून काही फार लांब नाही. पण मामा गेल्यापासून त्या बागेत गेल्या नव्हत्या.

गाडी टेम्पोवर चढवली त्या दिवशी त्या काठी टेकत ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "चालू झाली की मला एकदा मळ्यात न्या. माझी मी बसन. बाकी काई नको."

मी हो म्हटलं. मळ्याचं तेवढं ऐकलं, 'माझी मी बसन' हे ऐकलंच नाही.

नंतरची दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरामागं मी पत्र्याची शेड उभी केली. रविवार आणि सुट्ट्या तिथंच. इंजिन उतरवलं, बोअर करून आणलं, नव्या रिंगा घातल्या. ब्रेकचे सिलिंडर गंजून दगड झाले होते, ते बदलले. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते फोटो बघून एकेक रंगाची वायर ओढत नव्यानं केलं. कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला म्हणून बायकोनं दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी त्याची बारीक जेट साफ करायला स्वतःच सुई घेऊन बसली. बंपर पॉलिश होऊन आला तेव्हा शेजारच्या काकांनी त्यात बघून केस विंचरले.

मधे एकदा मेहुणा कामानिमित्त शहरात आला होता. शेडमध्ये भंगाराचा ढीग होता. त्यानं त्यातली दांडी उचलली, दोरीवरून अंगठा फिरवला.

"ही नाय का लागणार, दाजी?"

"कंपनीची नाही ती," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि जिथं होती तिथं ठेवून दिली. चहा घेतला, इंजिनाचं कौतुक केलं आणि गेला.

इंजिन पहिल्यांदा लागलं तो क्षण मी विसरणार नाही. बायको स्टेअरिंगवर, मी बॉनेटखाली. दोनदा घुसमटलं, एकदा धूर सोडला, आणि मग असा काही एकसारखा आवाज धरला की आम्ही दोघं ऐकत राहिलो. रंग मूळचाच दिला, दुधाच्या सायीसारखा. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला नेली तर लोक खाली वाकून चेसिस बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "जशी शोरूममधून आणली." त्या वाक्यावर मी आठवडाभर जेवलो.

मग वैजापूर. थंडी नुकतीच ओसरली होती. लासूरच्या पुढं ऊन वाढलं आणि गाडी आचके देऊन थांबली. गरमीत पेट्रोलची वाफ होते, हा या गाडीचा जुना आजार. फडकं ओलं करून इंजिनाशेजारच्या पेट्रोलच्या पंपावर ठेवलं, तोवर भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं मला खाली बसवून फडकं कसं पिळायचं ते शिकवलं, दुसऱ्यानं त्याला "तुझ्या बापानं घेतलती का कधी गाडी?" म्हणून गप्प केलं. गाडी पुन्हा चालू झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून रस्ता मोकळा करून दिला. वैजापुरात शिरताना मी विनाकारण हॉर्न वाजवत होतो.

मामी नवं लुगडं नेसून तयार होत्या. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, मेहुण्यानं नारळ फोडला. मी डावं दार उघडून धरलं. मामींनी काठी मेहुण्याच्या मुलीकडं दिली, पाय आत टाकला आणि हात वर केला. हात खांबावर फिरला. थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. मग तिथंच थांबला. मी माझा हात पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही. पाय बाहेर काढला आणि म्हणाल्या, "आज गुडघा लई दुखतोय. तुम्ही जाऊन या."

मी, बायको आणि मेहुणा, आम्ही तिघं मळ्यात जाऊन आलो. मला वाईट वाटलं, खरं तर राग आला. इतकं करून आणली आणि ही बाई बसतसुद्धा नाही. संध्याकाळी उस्मानपुऱ्याकडं परतताना मी बायकोपाशी तसं बोललोही. बायको माझ्याकडं वळली. मग तिनं सांगितलं. ती दांडी मामांनी मामींसाठी करून घेतली होती. जागा मामींचा हात धरून ठरवली होती. दर दसऱ्याला गाडी धुतली की मामा जुनी दोरी काढून नवी गुंडाळायचे, हात घसरू नये म्हणून. त्या दांडीला धरून मामी कुणाच्याही मदतीशिवाय आत बसायच्या आणि उतरायच्या.

मी गाडी कडेला घेतली. "मग कुणी बोललं का नाही मला?"

"तुम्ही जावई," ती म्हणाली. "तुम्हाला कोण बोलणार?"

"तू?"

"मला वाटलं, रंग झाल्यावर परत बसवाल."

मेहुण्याचं ते 'बरं' मला तेव्हा ऐकू आलं. सासरच्या घरात माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, ताटात मला पहिलं वाढलं, आणि त्या मानापोटी एका बाईची बाहेर पडायची वाट मी बंद केली तरी कुणी ब्र काढला नाही. गुडघा दुखतोय हेसुद्धा माझी मान खाली जाऊ नये म्हणूनच होतं.

दांडी केव्हाच वितळली असणार. तिचं माप मी घेतलं नव्हतं. जी वस्तू चूक ठरवली तिचं माप कोण घेतो? नवी सळई आणून शेडमध्ये तापवली, वाकवली, घासली, दोरी गुंडाळली. आकार आठवणीतून जमला. जागा मात्र आठवेना. माझ्याच सफाईदार पुट्टीनं ती पुसली होती. ती एकाच माणसाच्या हाताला ठाऊक होती.

पुढच्या रविवारी ड्रिल मशीन घेऊन वैजापूर गाठलं. या वेळी गाडी कुठंही थांबली नाही. मेहुण्यानं घरातून वायर ओढून दिली. मामी ओट्यावरून बघत होत्या.

"मामी, इथं उभ्या राहा आणि हात कुठं जातो ते दाखवा."

"ऱ्हाऊ द्या ना आता. चांगली दिसायली गाडी."

मी हटलो नाही. शेवटी त्या आल्या, पाय आत ठेवला, डोळे मिटले आणि हात टाकला. मी खडूनं खूण केली. मी ड्रिल लावलं. तो रंग मी तीन वेळा घासून तीन वेळा दिला होता. सायीसारख्या रंगाची साल निघून आतला पत्रा दिसला. दांडी आवळली. मामींनी धरून बघितली आणि मान हलवली. जरा खाली पाहिजे होती.

"दोन वर्षं रंग दिला अन् आता चाळणी करता व्हय, जावईबापू?" त्या म्हणाल्या. मेहुणा हसला. माझ्यासमोर त्याला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुन्हा खूण, पुन्हा ड्रिल. पहिल्या खेपेची दोन भोकं जादा राहिली, ती अजून तशीच आहेत. दुसऱ्या खेपेला मामींनी दांडी धरली, अंग वर ओढलं, वळल्या आणि सीटवर बसल्या. कुणी हात लावला नाही. लुगड्याचा काठ आत घेतला, दार स्वतः ओढून लावलं आणि समोर बघत म्हणाल्या, "चला."

मार्केट यार्डावरून गेलो. गेटाशी हमाल बसले होते. त्यातला एक जुना उठून उभा राहिला, आधी गाडीकडं आणि मग आत बघत. मामींनी हात वर केला. मला म्हणाल्या, "वाजवा की." मी हॉर्न वाजवला, लांबलचक. इंजिन इतकं हलकं चालत होतं की गिअर बदलल्याचं मलाही जाणवत नव्हतं. मेळाव्यातलं कौतुक मला आठवलं आणि फार लहान वाटलं. मागच्या सीटवर बायको आणि मेहुणा लहान पोरांसारखी भांडत होती, पूर्वी खिडकीत कोण बसायचं यावरून.

बागेच्या बांधाशी गाडी लावली. मामी दांडीला धरून उतरल्या, काठी घेतली, पहिल्या झाडापर्यंत गेल्या आणि पानं उलटून बघू लागल्या. पाणी कमी पडतंय म्हणून मुलाला रागावल्या. बायकोनं डोळे पुसले.

मी गाडीजवळ उभा होतो. वाटत होतं, झालं, भरून निघालं. दांडी बसली, मामी आल्या, आता बोलायचं काय उरलं? जावयानं सासूची माफी मागायची आमच्यात रीत नाही. कुणाची अपेक्षाही नव्हती. कुणाची अपेक्षा नव्हती म्हणून तर आजवर माझं सगळं निभावलं होतं.

मी बांध ओलांडून त्यांच्यापाशी गेलो. मेहुण्याला आणि बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "मामी, मामांनी तुमच्यासाठी केलेली दांडी मी न विचारता काढली आणि भंगारात टाकली. त्या दिवशी तुमचा गुडघा दुखत नव्हता, हेही मला माहीत आहे. माझं चुकलं. मला माफ करा."