संकल्पात सांगितलेलं नाव

मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जायचा माझा व्हिसा नाकारला गेला, त्या दिवसापासून मी देवाकडे काही मागणं बंद केलं. रागाने नव्हे. सकाळचा दिवा लावत होते, गणपतीला फूल वाहत होते, पण आम्हा दोघांना एकमेकांना सांगण्यासारखं सध्या काही नाही, असं मला वाटत होतं. इतकी वर्षं त्याच्यापुढे बसूनही माझा स्वभाव संशयी राहिला आहे, आणि तो बदलावा अशी प्रार्थनाही मी कधी केलेली नाही. तिकडे मुक्ताला डॉक्टरांनी अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. जावई दिवसभर कामावर. ती फोनवर "मी ठीक आहे गं आई" म्हणायची, आणि म्हणताना जरा जास्तच स्पष्ट बोलायची. लहानपणी ताप लपवताना ती असंच बोलत असे.

नकाराच्या पत्राचा अर्थ असा होता, की मी तिची आई आहे आणि भेट झाल्यावर परत येईन, याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालेलं नाही. परत येण्याबद्दलची शंका मी समजू शकते. दिल्लीच्या हवेत कोणी आपणहून परत येतं, हे परक्या माणसाला पटणं कठीण आहे. पण आईपणाची शंका मला जिव्हारी लागली.

घोळ कुठे झाला ते लवकरच कळलं. आमच्या लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी ते वाचलं, पेढे वाटले गेले, आणि माझं माहेरचं नाव त्या मांडवातच राहिलं. सासरी, शेजारीपाजारी, मुक्ताच्या जन्मदाखल्यावर, सगळीकडे तांदळातलं नाव. नोकरी मी केली नाही, घरीच शिकवण्या घेतल्या, त्यामुळे कुठे अडलंही नाही. पुढे पासपोर्ट काढताना मात्र शाळेचा दाखला आणि पदवी लावली, म्हणून त्यावर माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव आलं. आम्हाला कोणालाच ते खटकलं नाही. मराठी घरात बाईला दोन नावं असतात, त्यात काय एवढं? साता समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला मात्र दोन बायका दिसल्या. एकीने मुलीला जन्म दिला होता आणि दुसरीच तिला भेटायला निघाली होती.

इथे दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या सोसायटीजवळच बसणाऱ्या वकिलांनी मार्ग सांगितला. "मॅडम, पतिदेव का हलफनामा तो लग जाएगा. पर रिश्तेदारी से बाहर का कोई चाहिए, जो शादी से पहले भी जानता हो और बाद में भी. तब केस मजबूत बनेगा."

ह्यांचं प्रतिज्ञापत्र आणि बाहेरचा एक साक्षीदार, ऐकायला सोपं वाटलं. पण माझे आईवडील गेले, सांगलीचं घर विकलं गेलं, गल्लीतली जाणती माणसं एकेक करून संपली. राहिल्या मैत्रिणी. त्या शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं, की त्यांचीही नावं तांदळातच बदलली आहेत. ज्या नावांनी मी त्यांना ओळखत होते, त्या नावांच्या बायका आता कुठेच नव्हत्या. मोबाइलवर शोधून शोधून डोळे दुखले. एकीचाही पत्ता लागला नाही.

शेजारच्या खन्ना भाभींनी दुसरा उपाय सुचवला. एका मंदिरात प्लॅस्टिकचं विमान वाहिलं की व्हिसा मिळतोच. "दीदी, मेरी ननद का पूरा खानदान निकल गया," त्या म्हणाल्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "भाभी, ज्या देवाला विमान म्हणजे काय ते दाखवून द्यावं लागतं, त्याला माझी केस कशी कळणार?" त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी एक निळं विमान आमच्या दारात ठेवून गेल्या. मी ते मुक्ताच्या बाळासाठी बॅगेत टाकलं.

संकष्टीला मात्र हे हट्टाला पेटले. "अगं, अर्ज पुन्हा भरायचाच आहे, तर इकडचाही भरून टाकू." आमच्या नेहमीच्या गणपती मंदिरात गेलो. हे मंदिर मला आवडतं. आवडत नाहीत ते त्याचे भोंगे. कोण्या दात्याने हौसेने बसवून दिले आहेत. अभिषेक करणाऱ्याचं नाव, आडनाव आणि गोत्र गुरुजी माइकमध्ये सांगतात, आणि ते देवाबरोबर अख्ख्या रस्त्याला ऐकू जातं. भक्तीची अशी जाहिरात पाहिली की मला अवघडल्यासारखं होतं. मी दर वेळी नाव हळूच सांगते, म्हणजे निदान गुरुजी तरी जरा खालच्या आवाजात म्हणतील.

रांगेत हे माझ्या कानाशी म्हणाले, "पासपोर्टप्रमाणे सांग हं. तिकडे घोळ झाला, इकडे नको."

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. त्या हसण्याच्या भरातच मी माझं माहेरचं नाव सासरच्या आडनावासकट सांगितलं, तेही चांगलं मोठ्याने.

गुरुजींनी मान वर केली. "वहिनी, हे कोणाचं नाव?"

"माझंच."

"मग इतकी वर्षं सांगत होता ते?"

"तेही माझंच. गुरुजी, तुम्ही तरी पुरावा मागू नका."

त्यांनी संकल्प सोडला. माझं माहेरचं नाव भोंग्यातून बाहेर गेलं, आणि मला एकदम परकर-पोलक्यात उभं असल्यासारखं वाटलं. ह्या नावाने मी देवासमोर शेवटची उभी राहिले तेव्हा सौदा कसा करतात हे मला माहीत नव्हतं. व्हिसा दे, असं म्हणणार होते. ते ओठांवर आलंच नाही. मनातून निघालं ते एवढंच: तिला सांभाळ. मी पोचले तर बरं, नाही पोचले तर तू आहेसच. हे म्हणताना रडू आलं नाही. उलट हातातलं ओझं कोणीतरी घ्यावं तसं हलकं वाटलं.

तीर्थ घेऊन वळते, तो दारातून एक बाई चपला हातात धरूनच आत आल्या. मागून एक तरुण ओरडत होता, "आई, गाडी रस्त्यात उभी आहे. मागचे शिव्या देतायत."

"देऊ देत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. "हे नाव सांगलीत एकीचंच होतं. आणि हे आडनाव लागलं तेव्हा ताट मी धरलं होतं." मग ह्यांच्याकडे वळून, "काय हो भाऊजी, हात किती थरथरत होता तुमचा. निम्मे तांदूळ माझ्या पायावर."

ती कुमुद होती. शाळेत माझ्या बाकावर बसणारी कुमुद. मुलगा दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात होता आणि कित्येक वर्षं ती त्याच्याकडेच राहत होती. त्या दिवशी दोघं काही कामासाठी दिल्लीत आले होते. त्यांना मंदिरात यायचंच नव्हतं; बाहेरच्या गर्दीत गाडी अडकली, आणि बंद काचेतून भोंग्याने तिला माझं नाव ऐकवलं. मी "कुमुद" म्हणून मिठी मारली तेव्हा मुलगा गोंधळून म्हणाला, "आई, कुमुद कोण?"

"गप. गाडी बाजूला घे जा," ती म्हणाली.

पुढचं सारं सरळ झालं. कुमुदचीही दोन नावं पाहून वकिलांनी कपाळाला हात लावला, पण ती सरकारी शाळेत शिक्षिका होती आणि तिने लग्नानंतर लगेच नावातला बदल राजपत्रात छापून घेतला होता. "तुझ्यासारखी पुस्तकं नाही वाचली मी," तिने टोमणा मारला, "म्हणून वेळ मिळाला." तिचं प्रतिज्ञापत्र लावून मी पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी होकार आला. मी पोचले, मग बाळ आलं. पुढे निळं विमान हातात धरता आलं तेव्हा त्याने ते आधी चावून पाहिलं.

ह्याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. दिल्लीत रस्ते रोज तुंबतात आणि भोंगे रोज वाजतात. पण मी व्हिसा मागणं सोडलं, आणि त्यानंतर तो ज्या वाटेने आला ती वाट मला कधी सुचली नसती. शिवाय ज्या भोंग्याला मी नावं ठेवत होते त्याच्यातूनच आला. तेव्हापासून कृपेने कुठून यावं, हे मी ठरवत नाही. हात जोडते आणि गप्प बसते. माझ्या स्वभावाला हे बरंच झालं.

आता संकल्पाला मी दोन्ही नावं सांगते. गुरुजी जरा कुरकुरतात, मग दोन्ही म्हणतात, आणि दोन्ही रस्त्यावर ऐकू जातात. जाऊ देत. बाहेर गर्दीत कोणीतरी अडकलेलं असेल.