भाऊसाहेब येणार म्हणून झाडलेलं रान

सरकारी माणूस नुकसान बघायला तुमच्या रानात येणार असेल, तर तुम्ही आधी काय कराल? आमच्या घरानं रान झाडून घेतलं.

याला जबाबदार मी. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं आणि घर पत्रकांचं. माझे वडील, म्हणजे तात्या, तरुणपणी मोर्च्यांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे अतिवृष्टीत आमचा कांदा सडला तेव्हा मी रडले नाही, पत्रक काढलं: पंचनामा चावडीत बसून नको, बांधावर या! तलाठ्यांनी ते वाचून निरोप धाडला, उद्या सकाळी पहिला तुमच्याच बांधावर येतो. (लढा एवढ्या लवकर जिंकला तर पुढं काय करायचं, हे कुठल्याच पत्रकात नसतं!)

मी घरात भाषण पाठ करत बसले. आई आणि तात्या रानात गेले. पाहुणा येणार तर दारात घाण नको, हा आईचा आयुष्यभराचा नेम. दोघांनी सडका कांदा उपटला, पाट्या भरभरून बांधापलीकडे टाकला आणि वर बांधावरचं गवतही खुरपलं.

सकाळी तलाठी आले. मी भाषणासाठी घसा खाकरला, तोच त्यांनी विचारलं, "ताई, नुकसान कुठाय?"

मी हात केला. तिथले वाफे इतके निर्मळ, की पंगत बसवावी!

"भाऊसाहेब, लई घान सुटली हुती," आई म्हणाली. "तुमी येनार म्हनून काढून टाकली."

पीकच दिसत नाही तर मदतीसाठी नोंद कशाची करू, असं तलाठ्यांनी शांतपणे विचारलं. तात्यांचा चेहरा उतरला. या मदतीवरच पुढच्या लागवडीचं बी यायचं होतं. त्यांनी घाईघाईनं बांधापलीकडचा ढीग दाखवला. (त्याचा वास वेशीपर्यंत साक्ष देत होता.) तलाठ्यांनी मोबाईल रोखला आणि ते थांबले. फोटोबरोबर जागेचीही नोंद जाते, आणि ढिगाखालची जागा माझ्या चुलत्यांची, अप्पांची.

अप्पा तिथंच दात घासत उभे होते. "काढा की फोटो," ते म्हणाले. "माझ्या पडीक रानात पयल्यांदाच कायतरी आलंय."

उपाय एकच होता: कांदा परत वाफ्यात! माझं तत्त्व खवळलं. हा देखावा आहे, ही फसवणूक आहे, असं मी बरंच काही बोलले. आईनं ते ऐकून घेतलं आणि माझ्या हातात पाटी दिली.

"आपलाच कांदा, आपलंच रान. जिथनं उचलला तिथंच ठेवायचा. खोटं काय त्यात?"

मी पाटी घेऊन ढिगाकडे निघाले. तलाठी चहा घेत बांधावर बसले. मग तात्या, मी आणि पोट धरून हसणारे अप्पा सडका कांदा वाहू लागलो. भाषणासाठी घातलेल्या पांढऱ्या कुर्त्यावरून रस ओघळत होता. आई वाफ्यात कांदा मांडत होती, तोही ओळीत.

"मावशी, जरा विस्कटा," तलाठी काकुळतीला आले. "असा सडतो व्हय कांदा?"

अखेर फोटो निघाला. मधोमध तात्या, मागे नाक दाबून मी.

मदत खात्यावर आली, बी आलं, रान पुन्हा हिरवं झालं. गावात माझं नावही झालं, पण क्रांतीसाठी नव्हे. ज्यांनी ज्यांनी पंचनाम्याआधीच रान आवरून ठेवलं होतं, ते सगळे म्हणू लागले, "सडकं मांडायला तात्याच्या पोरीला बोलवा."

म्हणून हात जोडून विनंती आहे. पंचनामा होईपर्यंत सडलेलं पीक हलवू नका. हलवावंच लागलं, तर आधी त्याच जागी फोटो काढून ठेवा. आणि तरीही रान झाडून बसला असाल, तर खुशाल मला बोलवा. भाषण करणार नाही.