मैदानावरचं गाऱ्हाणं

हॉकीच्या मैदानाच्या कडेला बसून माझी धाकटी बहीण गोलकीपरचे पॅड बांधत होती. तेरा वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "बाबांका सांग, आज आरडू नकात म्हणान. आरडले तर मी परत ग्राउंडार येवचंय नाय."

मी हो म्हटलं. बाबांना मी समोरासमोर कधीच काही सांगितलेलं नाही, हे तिलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मला एक आडोसा मिळाला होता. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पालकांसाठी नियम लिहिले होते आणि ते माइकवर वाचायला मला बोलावलं होतं.

"तूच वाच गो. तुझो आवाज कोणी ऐकूक नाय. ह्या कोण बोलता म्हणान तरी गप बसतील," सर म्हणाले. चारचौघांत मी कधी बोलत नसे.

मी वाचलं. पंचांशी वाद घालू नये. रेषेच्या आत येऊ नये. कुठल्याही खेळाडूला, स्वतःच्या मुलीलाही, टोमणे मारू नयेत. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी दोनदा अडखळलं. शेवटचं वाक्य मी बाबांकडे बघून वाचलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

मग कुणीतरी नारळ आणला. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात: एकाने देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावात गाऱ्हाणं बाबाच घालतात.

"बा देवा म्हाराजा, आमच्या पोरींका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या गोलकीपरणीच्या हातापायांक कापरा भरव रे म्हाराजा!"

हसणं उसळलं. "व्हय म्हाराजा!" समोरच्या गोलमधली मुलगी आपले हातमोजे बघत राहिली. नियमांत गाऱ्हाण्याबद्दल काही नव्हतं. सरही हसत होते.

पहिल्या सत्रात बहिणीच्या दोन पायांमधून चेंडू गेला. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी लेकीकडे बघत हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या चेडवाच्या डोळ्यावरची झोप उडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात माझाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय, मागणं संपलं की तोंडातून ते येतंच. पण माइक अजून माझ्याच हातात होता आणि चालू होता. कर्ण्यातून सगळ्यांच्या वर माझंच 'व्हय म्हाराजा' मैदानभर गेलं. लोक आणखी हसले. कुणी म्हणालं, "अगो, ह्येका बोलता येता!"

बहिणीने हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती चेंडूकडे बघत होती, पण हलत नव्हती. आणखी तीन गोल झाले.

मॅच संपल्यावर तिने पॅड सोडले, एकावर एक ठेवले आणि सरांच्या पायाशी नेऊन ठेवले. बाबा म्हणाले, "मस्करी केली गो. हरल्यार एवढा त्वांड पाडूचा नसता." ती त्यांच्यावर चिडली नाही.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, "बाबा काय करतत ता माका म्हायत होता. तू कित्याक गो?"

सवय म्हणून, असं मी म्हणाले नाही. आता संध्याकाळी सरावाच्या वेळी ती खिडकी लावून अभ्यासाला बसते. मी त्या खोलीत जात नाही.