टपावरचे दिवे

मी वाचायला शिकलो तो युनियनच्या पत्रकांवर. त्यामुळे मागणी म्हटली की ती मोठीच हवी, हे हाडात मुरलेले. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात माझे वडील ठेकेदाराची बस चालवत, बमरोलीच्या वस्तीतून इच्छापोरच्या कारखान्यांत कामगार नेत. मीही त्याच बसने कामाला जाई. पहाटे असे धुके उतरे की रस्त्याच्या कडेचा नाला दिसत नसे. मी पत्रक काढले: मोठे दिवे द्या, नाहीतर बस हलणार नाही.

शेजारचे काका विमानतळावर धावपट्टीच्या कडेचे गवत कापायचे. पत्रक वाचून ते म्हणाले, दाट धुक्यात वैमानिक विमानाचा मोठा दिवा बंदच करतो. उजेड धुक्यावर आपटून त्याच्याच डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. तो पट्टीच्या कडेचे दिवे शोधत उतरतो. तुम्हीही रस्त्याच्या कडेला खुणा मागा, असा त्यांचा सल्ला. मी त्यांना सुनावले की ही ठेकेदाराची भाषा आहे. विमानवाल्यांचे नियम कामगाराला कशाला?

तीन दिवस आम्ही बस अडवली. चौथ्या दिवशी टपावर दोन भलेमोठे दिवे बसले. त्यांना हार घातले, नारळ फोडला.

पुढच्याच धुक्यात, नाल्याशेजारी, ती भिंत उभी राहिली. वडिलांनी ब्रेक दाबला आणि टपावरच्या दिव्यांच्या बटनाकडे हात नेला, तर मागून कल्ला. लढून मिळवलेत, बंद कसले करता? एकाने त्यांना ठेकेदाराचा माणूस ठरवले. वैताग असा की हे सगळे शब्द माझेच. बस माणसांनी भरलेली, डाव्या हाताला नाला, आणि हे लोक माझेच पत्रक मला ऐकवत होते.

वडिलांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. घरच्या अहिराणीत म्हणाले, "माले रस्ता दिसत नही. तू सांग, बंद करू का?"

"करा," मी म्हणालो. लगेच मीही फितूर झालो.

कुणाशी वाद घालत बसणार? मी खाली उतरलो, पिशवीतले उरलेले एक पत्रक पाठीवर कॉलरमध्ये खोचले आणि बसच्या पुढे कडेकडेने चालू लागलो. खालच्या मंद दिव्यांत वडील त्या पांढऱ्या कागदामागून बस आणत होते. नाला संपेपर्यंत खिडक्यांतून हसत हसत घोषणा चालू होती: मोठे दिवे द्या.