आप्पांची गाडी थांबते कशी

बाळांनो, आमच्या दूधवाल्या आप्पांइतकी मोटारसायकलींची माहिती असलेला माणूस साऱ्या दौंड तालुक्यात सापडणार नाही, आणि गाडी किती पळते याबद्दल त्यांच्याइतका बेफिकीर असलेलाही सापडणार नाही. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा आणि धोतर, डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट. खाली मात्र तरण्या पोरांची, पुढे झुकून चालवायची काळी-हिरवी स्पोर्ट्स बाइक. तिच्या उंच मागच्या सीटला लोखंडी सांगाडा जोडून त्यांनी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवले आहेत. धोतर साखळीत जाऊ नये म्हणून दोन्ही पोटऱ्यांवर कपडे वाळत घालायचे चिमटे. अशा थाटात ते रोज सकाळी खुटबावहून केडगावला येतात. "आप्पा, वाटेत दुधाचं लोणी होत नाही का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "व्हतंय की बाई. तवाच तर तुमच्या चहाला चव हाय."

गाडीची सेवा ते देवपूजेसारखी करतात. दर रविवारी जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून साखळीचा एकेक दुवा घासतात. टायरमधली हवा सूर्य उगवायच्या आत तपासतात, कारण "तापल्यालं टायर खोटं बोलतं." चौफुल्याच्या चहाच्या टपरीवर रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं आपापल्या गाड्या घेऊन जमतात. कुणाचं पिकअप जास्त, कुणाचं अॅव्हरेज बरं, यावर त्यांची हमरीतुमरी चाललेली असते. आप्पा मध्येच विचारायचे, "थांबती किती पावलात?"

"आप्पा, काल एकशेवीसनं हाणली!"

"हाणशील रं. थांबशील कुठं, ते सांग."

मग बाजारतळाच्या रिकाम्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची, प्रत्येकाने चाळीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा आणि आप्पांनी पावलं मोजायची. पोरं हसत हसत का होईना, पण हे करायची. दर वेळी आप्पांचीच गाडी सगळ्यांच्या आधी थांबायची. पोरं टाळ्या वाजवायची, आणि आप्पांचं तोंड उतरायचं.

ते का उतरायचं, हे मला उशिरा कळलं. गाडी त्यांच्या मुलाची. कंपनीत कायम झाल्यावर त्याने हौसेने घेतलेली. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तो पहिल्या पाळीला निघाला आणि घरापासून दोन किलोमीटरवर उभ्या ट्रॉलीवर आदळला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नोकरीही गेली. आता तो दौंडला मोबाईल दुरुस्त करतो. "वेग माझाच जास्त होता," एवढंच तो सांगत आला. गाडी भंगारात घाला म्हणाला. आप्पांनी ती दुरुस्त करून घेतली आणि साठीत चालवायला शिकले. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती: चूक पोराची की गाडीची? गाडी चांगली थांबली की दोष पोरावर जायचा.

एक दिवस ते गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. सगळं इंग्रजीत. "बाई, तुमी शिकल्याल्या. रोज एक पान सांगत जा." तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे, मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. दूध मापून झालं की ते पायरीवर बसायचे, मी चष्मा लावून मराठीत सांगायची. आठवडाभरात ब्रेकचं पान आलं. मी सरळ वाचत गेले: डिस्कला, म्हणजे चाकावरच्या ब्रेकच्या चकतीला, तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये, लागल्यास ब्रेक धरत नाही.

आप्पा म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं.

आप्पा सांगू लागले. "खंडेनवमीला आमी समद्या अवजारांना तेल लावतो बाई. कुळव, विळे, पंप. त्या साली पोरगं रातपाळी करून झोपलं व्हतं. म्हनलं, त्याची गाडी बी पुसू. चाकाच्या चकतीवर गंज दिसला. चांगलं चोळून चोळून लावलं म्या." मग पुस्तकाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्ये दुसऱ्या कशा अर्थानं वाचता येत न्हाई का?"

बाळांनो, आयुष्यात मी एकही ओळ गाळून वाचलेली नाही. त्या सकाळी गाळली असती तर बरं झालं असतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तेवढं पान मराठीत लिहून द्या. मला तोंडानं सांगायला जमायचं न्हाई." मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. तो कागद त्यांनी दौंडला नेऊन मुलाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्येल म्या लावलं व्हतं." मुलाने वाचलं, शटर ओढलं आणि कुबडी घेऊन निघून गेला. त्यानंतर चार महिने बापलेकांत शब्द नाही. आप्पांनी चुन्याची रेघ मारणं सोडलं. दसऱ्याआधी मात्र टपरीवरच्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन "चकतीला त्येल न्हाई, हळद न्हाई, काय बी न्हाई" असं सांगत फिरले. पोरं म्हणाली, आप्पांचं डोकं फिरलं. आप्पा पुढच्या गाडीकडे वळले.

परवा दूध घालून झाल्यावर ते गेले नाहीत. पिशवीतून तेच पुस्तक काढून पायरीवर ठेवलं. कोपरे आता मऊ पडले आहेत.

"पोराचा फोन आलता," ते म्हणाले. "म्हनला, एकच पान दिलं, फुडची कुठं हायती?"

मी चष्मा पुसला. पुढचं पान साखळीचं होतं.