माहीत असून करा

पहिला मेल मी स्वतः वाचला नाही, मला तो फोनवर वाचून दाखवण्यात आला. निपाणीजवळच्या एका गावातले मुलाचे वडील होते, रिटायर्ड मास्तर, बोलायला सज्जन. धाकट्या बहिणीसाठी आम्ही ते स्थळ बघत होतो. पत्रिका जमली होती, पुढच्या रविवारी ते लोक बेळगावला आमच्या घरी येणार होते. "रागावू नका पाव्हणं," ते म्हणाले, "पण पोराला एक मेल आलाय." आणि त्यांनी वर्गात धडा वाचावा तसा तो वाचला. तीनच ओळी. मुलीला फिट येतात. चौदाव्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत. लग्न करायचं तर माहीत असून करा. खाली नाव नव्हतं.

मी म्हणालो, "आमच्यावर जळणारं कुणीतरी असणार." खोटं बोलताना माझा आवाज चढतो, तसा तो चढला असणार. ते "व्हय, असंल" म्हणाले आणि फोन ठेवला. रविवारी कुणी आलं नाही. आईनं पोह्यांसाठी चिरून ठेवलेला कांदा आम्ही रात्रीच्या पिठल्यात घातला.

मेलमधलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पहिली आकडी तिला गावाकडच्या घरात आली, जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथं, चुलीसमोर बसली असताना. वडील तेव्हा होते. त्यांनी तिला बेळगावच्या डॉक्टरांकडे आणलं, गोळ्या सुरू झाल्या आणि बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. वडील गेल्यावर हे न बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला औषधांची दोन दुकानं आहेत, पण गोळ्या मी खडेबाजारातून आणायचो, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. चार वर्षांत तिला एकदाही आकडी आली नव्हती. ती एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायची, स्वतःच्या स्कूटरवर जायची यायची. मी स्वतःला सांगायचो की जे येतच नाही ते कशाला सांगायचं.

दुसरं स्थळ खानापूरचं होतं, तिसरं कोल्हापूरचं. दोन्हीकडे तेच तीन ओळींचे मेल गेले. कोल्हापूरवाल्यांनी तर फोनसुद्धा केला नाही, मेल मला फॉरवर्ड केला आणि गप्प बसले. तेव्हा कुठं मी तो डोळ्यांनी बघितला. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा काला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, दिवसाला शंभर मेल उघडतो, आणि माझ्याच घरावर कुणीतरी मेल टाकतंय नि मला तो कोण ते कळत नाही, याचा मला जास्त राग आला होता. बहिणीचं लग्न मोडतंय याचा त्याहून थोडा कमी. हे आज लिहिता येतं, तेव्हा कबूल केलं नसतं.

कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना मेल दाखवला. त्यांनी त्याच्या आतली पानभर आकडेमोड उघडून बघितली आणि मान हलवली. मेल फुकटच्या खात्यावरून आला होता, तो कुठल्या घरातून गेला ते त्यात दिसत नव्हतं. ते शोधायचं तर पोलिसांनी कंपनीला विचारायला हवं. म्हणून पोलिसांकडेही गेलो. तिथल्या साहेबांनी मेल वाचून घेतला, मराठी त्यांना चांगलं येत होतं, पण मला कन्नडमध्ये विचारलं, हे खोटं आहे का? मी म्हणालो, बदनामी आहे. ते म्हणाले, ते मी ठरवतो, खोटं आहे का तेवढं सांगा. मी घरी विचारून येतो म्हणून उठलो. पुन्हा गेलो नाही.

मग मी माझ्या अकलेनं निघालो. माझ्याशिवाय हे चौघांना ठाऊक होतं. आई, माझी बायको, गावाकडचा मामा आणि पलीकडच्या गल्लीत राहणारी काकी. आईला सोडलं. उरलेल्या तिघांसाठी मी तीन खोटी स्थळं तयार केली. ऑफिसात बसून तीन बायोडाटे टाइप केले, तीन नवे मेल आयडी काढले. मामाला गडहिंग्लजचा इंजिनिअर दिला, काकीला संकेश्वरचा बँकेतला मुलगा, बायकोला कोल्हापूरचा प्राध्यापक. फोटो मागाहून पाठवणार आहेत म्हणून सांगितलं. ज्याला दिलेल्या मुलाच्या आयडीवर मेल येईल तो चोर. स्वतःच्या बायकोला खोटा नवरदेव दाखवताना मला काही वाटलं नाही, उलट किती पद्धतशीर काम केलं म्हणून मी खूष होतो.

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. बायोडाटा आला की तो आधी थोरांकडे जायचा. मामा पत्रिका बघायचा. काकी चौकशी करायची, कारण ती निपाणीची, लग्नाआधी तिकडं बिड्या वळायला जायची आणि त्या भागातल्या निम्म्या घरांत तिच्या ओळखीची कुणीतरी बाई निघायचीच. सगळं जमलं, पाहुण्यांचा दिवस ठरला, की मग मुलीला सांगायचं. त्याआधी तिला कागद दाखवत नाहीत. उगाच मन गुंततं, असं आई म्हणायची. मला ही रीत शहाणपणाची वाटायची.

पाचव्या दिवशी संकेश्वरच्या मुलाला मेल आला. तेच शब्द, त्याच तीन ओळी.

काकीला धड फोन उचलता येत नाही. हिरवं बटण कुठलं ते अजून विचारते. हे मला माहीत होतं, तरी मी अडखळलो नाही. कुणाकडून तरी करून घेतलं असणार, असं म्हणून मी तो प्रश्न मिटवला आणि तसाच तिच्या घरी गेलो. ती पडवीत मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी मोबाइल तिच्यासमोर धरला, मेल मोठ्यानं वाचला, आणि मग जे तोंडाला येईल ते बोललो. तिची एकुलती एक मुलगी लोंढ्याला दिलेली, नवऱ्यानं टाकल्यावर तिथंच शिवणकाम करून राहते. "सोताच्या पोरीचं वाटोळं झालं म्हणून आमच्या पोरीचंबी करायलीस," असं मी म्हणालो. शेजारच्या दोन बाया दारात आल्या होत्या. त्या आल्यावर मी आवाज कमी केला नाही, वाढवला.

काकीनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मिरच्यांची सुपली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "झालं बोलून? जा आता."

ती गप्प राहिली याला मी कबुली समजलो. घरी येऊन जाहीर केलं की काकीशी कुणी बोलायचं नाही, तिनं या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. बायकोला त्या दिवशी कळलं की तिला दाखवलेला प्राध्यापकही सापळ्यातलाच होता. ती एवढंच म्हणाली, "माझ्यावरबी संशय व्हता म्हणा की," आणि आत गेली. आई रडली. बहीण ऑफिसातून आली तेव्हा तिला सांगितलं, मेल पाठवणारी सापडली, काकी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, बिचारीला धक्का बसला. तिनं तोंड उघडलं होतं, पण मी तिला बोलू दिलं नाही, आता हा विषय बंद म्हणालो.

त्या दसऱ्याला मी काकीला सोनं द्यायला गेलो नाही. दर वर्षी आपट्याची पानं घेऊन पहिला तिच्याकडे जायचो. तिच्या दारावरून स्कूटर पुढं नेली, ती उंबऱ्यात उभी होती, मी मान वळवली नाही.

दिवाळीनंतर चिकोडीचं स्थळ आलं. या वेळी मी कागद फक्त आईला आणि मामाला दाखवला आणि कपाटात कुलूपबंद केला. मेल गेला नाही. सापळा बरोबर लागला होता याचा मला तो पुरावा वाटला. पाहुणे आले, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. चहा झाला. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणे बहिणीला विचारलं, "आवड कशाची गं तुला?"

बहिणीनं ट्रे खाली ठेवला. "मला फिट येतात," ती म्हणाली. "चौदाव्या वर्षापासून गोळ्या घेते. चार वर्षं झाली आली न्हाय, पण गोळ्या सुटणार न्हाईत. लग्न करायचं तर माहीत असून करा."

शेवटची ओळ तर मेलमधलीच, शब्द न् शब्द. मी चौघं मोजली होती, पाचवी मोजायची राहिली होती. पाहुणे दहा मिनिटांत उठले, भांडण न करता, चप्पल घालताना मुलाच्या आईनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. दार लागल्यावर मी विचारलं, ते सगळे मेल तूच? ती म्हणाली, "व्हय अण्णा. काकीकडं कागद आला की ती माझ्याकडं घेऊन यायची. तुला चालतोय का गं हा, म्हणून विचारायची. दुसरं कोण विचारतंय?" मग ती म्हणाली, "लग्न नको असं मी कधी लिवलं न्हाय. तूच परत वाच."

मी परत वाचला. खरंच कुठं तसं नव्हतं. तीन ओळींत शिव्या नव्हत्या, नकार नव्हता. जो माणूस हे वाचूनही येईल त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं, आणि तसा कुणी असेल तर मी त्याला माझ्या खोट्यानं आधीच घालवत होतो. तिनं मला हे दोनदा सांगितलंही होतं, की सांगून टाकूया. दोन्ही वेळा मी काय केलं ते मला आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकीकडे गेलो. पाया पडलो, तिनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. मी म्हणालो, "काकी, मला ठाऊक नव्हतं."

"मला व्हतं," ती म्हणाली. "तिनं हितंच बसून धाडला तो शेवटचा. माझ्या म्होरं."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? मी एवढं घाण बोललो, गल्ली गोळा झालती. एक शब्द बोलायचा हुतास."

"बोलले असते आणि तू घरी गेला असतास," ती म्हणाली. "जाऊन काय केलं असतंस, सांग. आदल्या खेपेला सांगून टाकूया म्हणाली तर कानाखाली मारलीस तिच्या. आठ दिस डावा कान गच्च व्हता पोरीचा. गोळ्या खाणारी पोरगी रं ती, डोक्यावर मारत्यात का असल्या पोरीला? मला बोललास त्यानं माझं काय झिजलं न्हाय."

मला म्हणायचं होतं की मी काही केलं नसतं. घरी येऊन बायकोला विचारलं, मी हात उचलला असता का? ती भाजी निवडत होती, तिनं वर बघितलं नाही. आईला विचारलं नाही.

उन्हाळा लागायच्या आत बहिणीनं हुबळीला बदली मागून घेतली. तिथं खोली केली आहे, गोळ्या स्वतः आणते. सुट्टीत येते ती काकीकडे उतरते, आई तिथं जाऊन भेटून येते. काकी माझ्याशी बोलते, बसायला पाट देते. आईला बहिणीचा फोन रोज येतो, कधी सकाळी अकराला, कधी दुपारी तीनला, मी ऑफिसात असतो तेव्हा. रविवारी येत नाही.