“नाई” म्हणेपर्यंत

शिवणयंत्राजवळ चिंध्या साचतात, तसे आमच्या रविवारच्या डावाचे किस्से साचले आहेत. फेकवत नाहीत, म्हणून सांगते.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. चंद्रपुरात माझं शिवणाचं दुकान, शेजारी सलीमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं. त्यांची मुलगी नसरीन नर्सिंग शिकत होती. तिच्या मामाने नागपूरहून मंतरांच्या पत्त्यांची पाकिटं आणली. प्रत्येकाने आपापला गठ्ठा जमवायचा, अदलाबदल करायची आणि पत्त्यांवरचे प्राणी आणि मंतर टाकून लढायचं. नियम इंग्रजीत, म्हणून नसरीन आमची वकील.

*

काही मंतर फक्त आपल्या पाळीला चालतात, झटपट मंतर कधीही. मोहर्लीहून येणारे वनरक्षक मडावीभाऊ मात्र कोणाच्याही पाळीत कोणताही पत्ता आपटत.

“वाघ काय पाळी पाहून येते का?”

“भाऊ, वाघाले पुस्तक नाई. या खेळाले आहे,” नसरीन म्हणाली.

*

एकावर एक मंतर पडले, तर शेवटचा आधी लागू होतो. हे मला काही केल्या पटेना.

“काकू, तुमच्या मशीनवर कपड्यांचा ढीग असते ना? वरचा आधी शिवता. तसंच.”

“वरचा आधी शिवते, म्हणून तर खालच्या कपड्यांवाल्या बाया भांडतात!”

*

मडावीभाऊंचा प्राणी मेला की ते म्हणत, “मी झटपट टाकणारच होतो.” भांडणं वाढली. शेवटी सलीमभाईंनी कायदा केला. पत्ता टाकला की समोरच्याला विचारायचं, “काही म्हणायचं का?” तो “नाई” म्हणेपर्यंत पत्ता लागू नाही.

ही सवय मला इतकी जडली, की ब्लाऊजचं माप घेऊन झाल्यावर एका बाईंना मी तसंच विचारलं. त्या घाबरल्या. “काऊन, मी जाड झाली का?”

*

सलीमभाई मुलीला एकदाही हरवू शकले नाहीत. पण खेळायला बसले की गिऱ्हाईक येऊ नये म्हणून दुकानाचं अर्धं शटर पाडून घेत. नसरीनची आई नव्हती. घरात दोघंच.

मग नसरीनला दूर जंगलातल्या एटापल्लीला नोकरी लागली. सलीमभाईंनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. मला देताना हळूच म्हणाले, “बाई, तिथून पोरगी येईन का लवकर लवकर?”

निघायच्या दिवशी दोघं शेवटचा डाव खेळायला बसले. नसरीनने डाव संपवणारा पत्ता टाकला.

“काही म्हणायचं का, अब्बा?”

सलीमभाई हातातले पत्ते बघत राहिले. बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता.

“म्हणून टाका ना ‘नाई’. बस जाईन माझी.”

“नाई” न म्हणताच सलीमभाईंनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवून तिची पेटी उचलली आणि तिला ऑटोत बसवून दिलं. परत येऊन साऱ्या डावावर भिंतीवरच्या घड्याळाचं जुनं काचेचं झाकण ठेवलं.

एकदा तिथली धूळ पुसताना मी त्यांचे पत्ते उलटून पाहिले. झटपट मंतर एकही नव्हता. होते तसे पालथे ठेवून दिले.

ईदला नसरीन आली. आल्या आल्या झाकण काढून समोर बसली. मडावीभाऊही उभे होते.

“काही म्हणायचं का, अब्बा?”

सलीमभाईंनी चष्मा पुसला. पत्ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

“थांब. विचार करून राह्यलो.”